लाल ओढणीची रबरं

चाची हजला निघाली होती आणि निघण्याआधी तिला माझी माफी हवी होती.

आमच्यात तशी रीतच आहे. हजला जाणारा माणूस आधी घरोघर फिरतो. भाऊबंद, शेजारीपाजारी, ज्यांच्याशी कधी वाकडं आलं असे सगळे. एकेकापुढं उभं राहून म्हणायचं, कहासुना माफ करा, बोललंचाललं विसरा. माणसांची मनं दुखावलेली ठेवून खुदाच्या घरी गेलं तर ते जाणं कशाला आलंय, अशी समजूत. जो मेला असेल त्याची माफी त्याच्या वारसाकडून घ्यायची. माझी अम्मी गेलेली, अब्बाही गेलेले, आणि तिची एकुलती एक वारस मी. म्हणून चाचीच्या मुलाचा फोन आला, "तू एकदा येऊन जा. अम्मा तुला भेटल्याशिवाय निघत नाही म्हणते."

"मग नको निघू दे," मी म्हटलं.

तरी गेले. माफ करायला नव्हे, तोंडावर नाही म्हणायला. इतकी वर्षं तो 'नाही' मी सांभाळून ठेवला होता, आणि फोनवर तो वाया घालवायची माझी इच्छा नव्हती.

जव्हारला लोक थंड हवा खायला येतात. दरीच्या काठाला उभे राहून मावळतीचे फोटो काढतात आणि किती शांत, किती शांत म्हणत परत जातात. मला ती हवा कधी मानवली नाही. पावसाळ्याचे चार महिने ढग घरात शिरून बसायचे, पाहुण्यासारखे, उठायचं नाव नाही. पेटीतल्या कपड्यांना बुरशी यायची, चपलांना यायची, भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा यायची. आमच्या घरात तेव्हा तीनच वास होते. ओल्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा आणि जळक्या नायलॉनचा. अजूनही कुठं प्लॅस्टिकची पिशवी जळाली की मला भूक लागते. त्या वासातच मी जेवत आले.

अब्बा भिवंडीहून कातरणाची गाठोडी आणायचे. कारखान्यातून उरलेले तुकडे, वजनावर मिळणारे. गाठोडं सुटलं की ओटीभर साटीन, टेरीकॉट, नायलॉनची जाळी, कधी मखमलीची एखादी पट्टी. अम्मी त्यातले मोठे तुकडे निवडून फ्रॉक शिवायची. पुढचा भाग गुलाबी, पाठ पोपटी, बाह्या तिसऱ्याच कशाच्या. बाजारात त्याला फॅशन म्हणत. आमच्या घरात त्याला कापड पुरलं नाही असं म्हणत. मोखाड्याच्या, खोडाळ्याच्या बाया तो फ्रॉक पोरीच्या अंगाला लावून बघायच्या, झालर ओढून बघायच्या, आणि खूश व्हायच्या. अम्मी मात्र खूश झालेली मला आठवत नाही. ती शिवण उलटी करून पुन्हा एकदा बघायची आणि मगच हातातून सोडायची.

बारीकसारीक माल चाचीचा. केसांना लावायची कापडी रबरं, बो, मण्यांच्या माळा, टिकल्या चिकटवलेली बक्कलं. ती वाडा तालुक्याकडची, अम्मीच्या मागून बऱ्याच वर्षांनी या घरात आलेली. हात असा चालायचा की बघणाऱ्यानं दमावं. कापडाची पट्टी शिवून नळी करायची, उलटायची, नाडीपिनेनं आत इलॅस्टिक ओवायचं, टोकं जोडायची, झालं रबर. बोच्या कडा सुटू नयेत म्हणून त्या मेणबत्तीवर फिरवायच्या, जळू न देता नुसत्या वितळवायच्या. बोटं पोळायची. ती बोट कानाच्या पाळीला लावायची आणि पुढचा बो उचलायची. तिला गप्प बसता येत नसे. काही ना काही पुटपुटत, गुणगुणत, स्वतःशीच हसत तिचं काम चालायचं. अम्मी मशीनवर, चाची खाली गोणपाटावर, आणि मधे मी मणी ओवत. तेव्हा त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या. हे लिहितानाही मला खोटं वाटतं.

मशीन एकच होतं, ओटी एकच होती, त्यामुळं कापडाचा एक कायदा होता. तो कुणी कुणाला सांगितला नव्हता. दोरीवर टाकलेलं कापड अम्मीचं, त्याला हात लावायचा नाही. बाजेवर पडलेलं कापड म्हणजे उरलेलं, ते चाचीचं. सकाळी अम्मी उरलंसुरलं बाजेवर टाकायची आणि दुपारपर्यंत त्याची रबरं झालेली असायची. विचारायचं नाही, सांगायचं नाही. सगळ्या घराचे हात या कायद्यानं चालायचे. मी लहानपणी एकदा शाळेचा शर्ट बाजेवर विसरले होते, त्याचेसुद्धा पांढरे बो झाले. अब्बा दोन दिवस हसत होते.

दसरा जवळ आला की घराला ताप चढायचा. जव्हारला दसरा आणि उरूस हातात हात घालून येतात. डोंगरातली सगळी गावं खाली उतरतात, साखरशेतची, मोखाड्याकडची, आणि प्रत्येक पोरीला केसात काहीतरी नवं हवं असतं. त्याच दिवसांत पाऊस उघडायचा. मग चार महिन्यांचं सगळं ओलं अंगणात यायचं. गाद्या, गोधड्या, पेट्यांतले कपडे.

त्या वर्षी अम्मीनं पेटीच्या तळातून तिच्या निकाहची ओढणी काढली. लाल साटीनची. तिला चारी बाजूंनी सोनेरी गोटा, जरीची किनार, होता, तो ओलीनं काळा पडला होता. अम्मीनं तो टाका टाका उसवून काढला, उजळून पुन्हा लावायला. "तुझ्या निकाहला हीच घालायची," मला म्हणाली. मला तेव्हा निकाहचं काय, पण लाल रंगाचं फार होतं. मी ती डोक्यावरून घेऊन आरशासमोर उभी राहिले. तिला लवंगेचा आणि जुन्या लाकडाचा वास येत होता. अम्मी हसली होती. मग तिनं रिठ्याच्या पाण्यात ती धुतली. दोरी फ्रॉकांनी भरलेली होती. ओढणी तिनं बाजेवर पसरली आणि आत गेली. मी शाळेत गेले.

परतले तेव्हा ओटीवरचं सूप लाल दिसत होतं. काठोकाठ रबरं. चाचीनं मला बघताच हाक मारली, "इकडं ये, इकडं ये! बघ कसा माल झालाय!" तिनं माझी वेणी ओढून धरली आणि त्यातलं एक रबर माझ्या केसांना लावलं. मला हे कशाचं आहे ते हाताला लागताच कळलं. मी हललेसुद्धा नाही. तेवढ्यात अम्मी बाहेर आली. उसवलेला गोटा तिनं बोटांना गुंडाळला होता. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं, मग सुपाकडं.

ती तशीच वळली. आत गेली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

"काय झालं, भाभी?" चाचीनं विचारलं. किती निरागस चेहरा केला होता तिनं! तो चेहरा मी पुढं कित्येक वर्षं डोळ्यांसमोर आणून आणून त्याचा राग केला. दुसऱ्या दिवशीही तिनं विचारलं. तिसऱ्या दिवशीही. अम्मीनं तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. मला चुलीपाशी बसवून म्हणाली, "तिला सगळं माहीत आहे. माहीत असल्याशिवाय कुणाची कात्री चालते होय? पण तू तोंड उघडायचं नाही. भावाभावांची चूल वेगळी होईल. कळलं?"

कळलं. आणि अम्मीचा शब्द मी असा पाळला, की तेवढ्या निष्ठेनं मी आयुष्यात दुसरं काही पाळलं नाही.

सूप काही दिवस ओटीवरच होतं. मग बाजाराच्या दिवशी अब्बांनी सगळा माल गोणीत भरला, जीपच्या टपावर टाकला आणि अब्बा, अम्मी, मी मोखाड्याला गेलो, चाची घरीच राहिली. अब्बांना रंग कळत नसत, माल कळायचा. "लाल उठतोय," ते दुपारी खुशीत म्हणाले. उठलाच. अम्मी चादरीवर फ्रॉकांच्या ढिगामागं बसून होती. मी तिच्याकडं बघत नव्हते.

बाजार उलगायला आला तेव्हा समोरून एक बाई चालली होती, खोडाळ्याकडची असावी, आणि तिच्या हाताशी माझ्याएवढी पोर. पोरीच्या दोन्ही वेण्यांना लाल रबरं. इतकी खूश होती ती, की सारखी मान हलवून वेण्या पुढं आणत होती. अम्मी उठली. चादर ओलांडून गेली आणि तिनं त्या पोरीची वेणी हातात धरली.

"हे माझं आहे," अम्मी म्हणाली.

"हात काढ," ती बाई म्हणाली. "इकत घेतलाय आमी. चोरला नाय."

अम्मीनं हात काढला नाही. पोर रडली नाही, तिनं नुसते डोळे घट्ट मिटून घेतले. माणसं जमायला लागली. अब्बा, "अगं काय चाललंय?" म्हणून ओरडले. ती बाई अम्मीच्या अगदी तोंडाशी आली.

"इकायचा नव्हता त मांडला कशाला?"

अम्मीचा हात सुटला. ती परत येऊन फ्रॉकांच्या मागं बसली आणि घड्या घालायला लागली. कुणीतरी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा राग आला, त्या बाईचा आला, त्या पोरीचा तर फारच आला. डोळे मिटून काय उभी राहिली, घे म्हणावं ना काढून! एवढा राग माझ्या पोटात कुठं मावला देव जाणे. घरी येताना जीपमध्ये अम्मी माझ्या कानात म्हणाली, "हे सगळं त्या बयेमुळं." मी मान हलवली.

मग ते वर्ष सुरू झालं. जिकडं बघावं तिकडं लाल. शाळेत प्रार्थनेला माझ्या पुढच्या रांगेत. एसटी स्टँडवर. नळावर. नागलीच्या खळ्यावर वाकलेल्या एका पोरीच्या मानेवर. बोहाड्याच्या नाचात मुखवटा घातलेल्या एका सोंगानं मनगटाला बांधलं होतं, तेही मी ओळखलं. माझ्या आईचं लग्न अख्ख्या तालुक्याच्या डोक्यावर मिरवत होतं. रंग पक्का नव्हता. पुढच्या पावसात ती रबरं गुलाबी झाली, त्याच्या पुढच्या पावसात कसलीच नाही. इलॅस्टिक सैल पडलं, पोरी मोठ्या झाल्या. मी मात्र लग्न होऊन जव्हार सोडेपर्यंत बायकांच्या तोंडाआधी केसांकडं बघत होते.

आणि घरात मशीन होतं. अबोला धरलेल्या दोन बायका आणि एक पायमशीन. सकाळ अम्मीची, दुपारच्या नमाजनंतर चाचीची. वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. अम्मी बसायला जायची तर बॉबिनचा स्क्रू ढिला, खालचा दोरा गुंतून त्याचं घरटं झालेलं. सुईचं टोक बोथट. अम्मी मग उठताना पट्टा उतरवून ठेवायची. तेल संपलं तर मला सांगणं यायचं, "तिला सांग, तेल संपलंय." तीन हातांवर बसलेल्या बाईला मी सांगायची, तेल संपलंय. "तिला म्हणावं, मला दिसतंय." मी पलटून सांगायची. आवाजावरून मला कळायचं मशीनवर कोण आहे. अम्मीचं मशीन एकसारखं चालायचं. चाचीचं थांबत थांबत, तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. मला वाटायचं, बरं झालं.

ठाण्याहून तयार माल यायला लागला, प्लॅस्टिकच्या पाकिटातला, आमच्यापेक्षा स्वस्त आणि चकचकीत. बाजारात आमची चादर आकसत गेली. गाठोडी बंद झाली. मेणबत्तीवर कडा वितळवणं संपलं, मण्यांच्या बरण्यांत डाळी आल्या. तरी त्या दोघी आपापल्या वेळेला मशीनवर बसायच्या, कधी जुनी उशी, कधी पायजम्याची नाडी. वेळ सोडली तर हक्क जाईल ना! माझा निकाह झाला तो भिवंडीच्या दुकानातल्या तयार ओढणीत. तिच्या गोट्यानं माझं कपाळ दिवसभर ओरबाडलं.

अम्मी गेली तेव्हा मयतीला गुसल द्यायला, शेवटची आंघोळ घालायला, घरच्या बायका आत निघाल्या. चाचीही डोक्यावरून पदर घेऊन पुढं आली. मी तिला दारातच अडवलं. "तू नाही," म्हटलं. ती बाहेरच्या भिंतीला टेकून उभी राहिली, सगळं होईपर्यंत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

हे सगळं बरोबर घेऊन मी ओटीवर चढले. चाची खुर्चीत बसली होती, लहान झालेली, पाय जमिनीला टेकत नव्हते. बाजूला हजची नवी बॅग. मुलानं माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि तो आत गेला. मी पाण्याला हात लावला नाही.

"आलीस," ती म्हणाली. "बस." मग तिनं दोन्ही हात जोडले आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागली. "भाभीच्या वतीनं माफ कर. बॉबिनचा स्क्रू मी ढिला करायचे. सुई दगडावर घासून ठेवायचे. मुद्दाम. तिला त्रास व्हावा म्हणून. एकदा तिच्या फ्रॉकवर तेलही सांडलं. तेही मुद्दाम."

मी थांबले. तिचे हात जोडलेलेच होते.

"अजून?" मी म्हटलं.

"अजून काय?"

"आठव."

तिनं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाली, "तूच सांग बेटा. भाभी माझ्याशी बोलायची का थांबली? मी तिला विचारलं. किती वेळा विचारलं. तुझ्या चाचांना विचारलं, तर ते म्हणाले बायकांचं बायकांत. मग मला वाटलं, मला मुलगा झाला आणि तिला नाही, म्हणून असेल. तेच धरून बसले. तिचा दुष्टावा वाटायला लागला मला. म्हणून ते स्क्रूचं. तेच होतं ना?"

मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. नाटक शोधत होते. इतकी वर्षं ज्याचा राग केला तो हाच चेहरा होता, फक्त म्हातारा झालेला.

"ती लाल रबरं," मी म्हटलं. "दसऱ्याची. ती अम्मीच्या निकाहची ओढणी होती."

"कुठली लाल?" ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं. तिचे जोडलेले हात आपोआप सुटले. "साटीनचं? पण त्याला गोटा नव्हता."

"धुवायला उसवला होता."

"बाजेवर होतं ते," ती हळूच म्हणाली. भांडायला नव्हे. स्वतःलाच सांगत होती.

"हो. बाजेवर होतं."

आत कुणीतरी भांडी आवरत होतं. चाचीचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, कापडाचा पोत बघतात तसा.

"एकदा बोलायचं होतं तिनं," ती म्हणाली. "एकदाच. बाजाराला वेळ होता अजून. सगळी इथंच सुपात पडून होती. मी एकेक उसवून पट्ट्या परत जोडून दिल्या असत्या. सांधे दिसले असते, पण ओढणी झाली असती. गोट्याखाली निम्मे सांधे झाकले असते." मग तिनं मान वर केली. "मला का नाही सांगितलं तिनं?"

सूप काही दिवस ओटीवरच होतं, हे मला माहीत होतं. अम्मी त्याच्या बाजूनं येत होती, जात होती. बाजेपासून सुरू झालेली गोष्ट अम्मीनं मला कायम कात्रीपासून सांगितली, आणि मीही ती तशीच पाठ केली. ओढणी वाचली असती. पण मग अम्मीला राग धरता आला नसता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, म्हणतात ते काय उगीच नाही. त्या बंबाचा पाइप मी चाळीस वर्षं हातात धरून उभी होते.

"आता मी कुणाकडून माफ करून घेऊ?" चाची म्हणाली. ती रडत होती आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं.

"माझ्याकडून," मी म्हटलं. "माफ केलं. स्क्रूचंही, ओढणीचंही. जा तू."

तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांच्या टोकांची कातडी अजून कडक होती, मेणबत्तीची. मी हात धरू दिला. ग्लासातलं पाणी प्यायले. तिचा मुलगा मला जीपपर्यंत सोडायला आला आणि, "बरं झालं आलीस," म्हणाला. मी हो म्हटलं.

चाचीला मी माफ केलं ते मनापासून केलं. अम्मीला अजून केलेलं नाही.